कारल्याचं बी आणि कथेचं बीज

भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतचा महिना विदर्भात भुलाबाईचा. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी जमतात, एकेका घरी जाऊन गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यात खिरापत कोणती हे ओळखण्याचा खेळ रंगतो. या गाण्यांतल्या एका सुनेला माहेरी जायचं आहे. सासू सांगते, आधी कारल्याचं बी पेर. बी पेरलं, तर वेल वाढू दे. वेल वाढला, तर फूल येऊ दे. फुलानंतर कारली, कारल्यांनंतर भाजी. प्रत्येक वेळी माहेर एक पाऊल जवळ येतं आणि पुन्हा लांबतं. सात-आठ वर्षांच्या पोरीही हे गाणं शेवटपर्यंत सोडत नाहीत, कारण सून जाणार की नाही हे त्यांना कळायलाच हवं असतं.

त्यांतलीच एखादी पोर दहा वर्षांनी बारावीच्या पेपरात ‘कथानक म्हणजे काय?’ या प्रश्नाखाली पाठ केलेली दोन वाक्यं लिहिते. तिने लहानपणी गायलेलं गाणं म्हणजेच नीट बांधलेलं कथानक होतं, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. कथानक, पात्र, वातावरण, संघर्ष, संवाद, निवेदन, प्रतिमा, प्रतीक या संज्ञा मराठीत कुठून आल्या, विद्यार्थ्यांपर्यंत कशा पोचतात आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात त्यांचा पाया कुठे सापडतो, हे एकदा सलग पाहण्याची गरज मला याच कारणाने वाटते.

साधनांची वानवा नाही, हे आधी नोंदवायला हवं. वसंत आबाजी डहाके यांचा जन्म १९४२ साली याच जिल्ह्यातल्या बेलोरा इथे झाला. ‘चित्रलिपी’ या संग्रहासाठी २००९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले आणि २०१२ च्या चंद्रपूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले कवी म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. मात्र मराठी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांवर त्यांचे आणखी एक ऋण आहे. ‘वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश’ या ग्रंथाच्या संपादकांत प्रभा गणोरकर यांच्याबरोबर त्यांचं नाव आहे. विजया राजाध्यक्ष यांच्या संपादनाखाली ‘मराठी वाङ्मयकोशा’चा समीक्षा-संज्ञांना वाहिलेला स्वतंत्र खंड निघाला. भाषा संचालनालयाचा साहित्य समीक्षेचा परिभाषा कोशही आहे. हे ग्रंथ अभ्यासकांच्या टेबलावर असतात. आर्णी किंवा झरी जामणीच्या विद्यार्थ्याच्या हातात येतं ते पाठ्यपुस्तक, आणि परीक्षा जवळ आली की गाईड.

पाठ्यपुस्तकाने या बाबतीत चांगलं पाऊल टाकलं, असं माझं मत आहे. २०२० साली आलेल्या बारावीच्या ‘युवकभारती’त कथा या साहित्यप्रकाराला एक पूर्ण विभाग दिला आहे. आधी प्रकाराचा परिचय, मग व. पु. काळे यांची ‘शोध’ आणि प्रतिमा इंगोले यांची ‘गढी’ अशा दोन कथा. अकरावीच्या पुस्तकात नाटकासाठी अशीच रचना केली. परिचयात कथेचे घटक उलगडून सांगितले आहेत आणि पुढच्या दोन कथांत ते शोधायला वाव ठेवला आहे. त्यातली ‘गढी’ वऱ्हाडी मातीतली, म्हणजे इथल्या मुलांना घरची वाटावी अशी. घोटाळा पुढे होतो. परिचय आधी शिकवला जातो, व्याख्या वहीत उतरतात, आणि कथा त्या व्याख्यांचा पुरावा म्हणून वाचली जाते. खरं तर संज्ञा म्हणजे आधी अनुभवलेल्या गोष्टीला मागाहून दिलेलं नाव. नाव आधी आणि ओळख नंतर, असा क्रम लागला की नावच तेवढं लक्षात राहतं.

कथानकाचंच पाहू. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याने १९२७ साली गोष्ट आणि कथानक यांच्यातला फरक राजा-राणीच्या मृत्यूच्या उदाहरणाने समजावला, आणि तेव्हापासून जगभरच्या वर्गांत तेच उदाहरण दिलं जातं. आपल्या वर्गात राजा-राणी कशाला हवेत? ‘कापूस विकला. आठ दिवसांनी बैल विकला.’ ही गोष्ट. ‘कापूस मातीमोल गेला, म्हणून आठ दिवसांनी बैल विकावा लागला.’ हे कथानक. पहिल्या वाक्यांत एकामागून एक काय घडलं ते कळतं, दुसऱ्यात का घडलं ते कळतं. ‘म्हणून’ हा एक शब्द मध्ये आला आणि दोन घटनांना गाठ पडली. कास्तकाराच्या घरातल्या मुलाला ही गाठ समजावून सांगावी लागत नाही. त्या गाठीला कथानक म्हणतात, एवढंच सांगायचं असतं.

फॉर्स्टरच्या कितीतरी शतकं आधी भरताच्या नाट्यशास्त्राने कथावस्तूच्या बांधणीचा बारीक विचार केला होता, आणि त्याची भाषा थेट शेतीची आहे. पाच अर्थप्रकृतींतली पहिली ‘बीज’, म्हणजे सुरुवातीला अगदी थोडकं सांगितलेलं आणि पुढे अनेक अंगांनी वाढत जाणारं कारण. मध्येच धागा तुटतोय असं वाटतं तेव्हा त्याला पुन्हा पुढे नेणारा तो ‘बिंदू’. मुख्य कथेबरोबर लांबपर्यंत चालणारी उपकथा म्हणजे ‘पताका’, रामकथेतल्या सुग्रीवासारखी. थोडा वेळ येऊन आपलं काम करून जाणारा प्रसंग म्हणजे ‘प्रकरी’, शबरीसारखा. आणि शेवटचं ‘कार्य’. याच्या जोडीला कार्याच्या पाच अवस्था येतात: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम.

आता भुलाबाईच्या सुनेकडे परत या. माहेरी जायची इच्छा झाली, तो आरंभ. बी पेरलं, तो प्रयत्न. फूल दिसलं आणि आशा वाटली, ती प्राप्त्याशा. अडथळे सरून आता जाणार हे पक्कं झालं, ती नियताप्ती. आणि फलागम तर कारल्याच्या वेलावर शब्दशः लटकतो आहे. उत्कंठा कशी वाढवतात, हेही याच गाण्यात दिसतं. प्रत्येक अट आधीच्या अटीपेक्षा थोडी उशिराची आहे, आणि ऐकणारा सुनेबरोबर वाट पाहायला लागतो. जर्मन लेखक गुस्टाव फ्रायटागने १८६३ मध्ये नाटकाच्या चढ-उताराची जी आकृती मांडली, तिच्यात उत्कर्षबिंदू मधोमध शिखरावर असतो आणि पुढे उतार लागतो. या गाण्याला ती आकृती लागू पडत नाही. त्याचा चढ शेवटपर्यंत संपत नाही. दोन्ही आकृत्या फळ्यावर शेजारी-शेजारी काढाव्यात, आणि आपली गोष्ट कोणत्या आकृतीत बसते ते मुलांनाच विचारावं.

नाट्यशास्त्राची ही वाट फळाकडे जाते. तिच्यात नाटक फलागमापाशी थांबतं. इंग्रजी शिक्षणातून ‘ट्रॅजेडी’ आली, शेक्सपिअर आला, तेव्हा मराठीला नवा शब्द घडवावा लागला: शोकांतिका. या शब्दापाशी मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण यवतमाळ जिल्ह्याच्या कपाळी तो जितका लिहिला गेला, तितका क्वचितच दुसऱ्या जिल्ह्याच्या लिहिला गेला असेल.

महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपवलं. महाराष्ट्रातली पहिली नोंदली गेलेली शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते, आणि दर वर्षी १९ मार्चला राज्यात अनेक जण त्यांच्या आठवणीत अन्नत्याग करतात. पुढच्या चार दशकांत वर्तमानपत्रांनी ‘शेतकऱ्याची शोकांतिका’ हे दोन शब्द इतक्यांदा जोडून छापले, की ते एकच वाटू लागले. आता मूळ अर्थ पाहा. ॲरिस्टॉटलच्या मते शोकांतिकेचा नायक पूर्ण निर्दोष नसतो आणि दुष्टही नसतो. त्याच्याकडून एक प्रमाद घडतो, एखादी चूक, एखादा चुकलेला निर्णय, आणि त्यातून त्याचा पाडाव होतो. त्याला आपण पाहतो तेव्हा करुणा आणि भीती जागी होते. म्हणजे या संज्ञेच्या पोटात नायकाचा प्रमाद दडलेला आहे. जो माणूस पावसाच्या, कर्जाच्या आणि बाजारभावाच्या कचाट्यात सापडला, त्याच्या मरणाला शोकांतिका म्हणताना आपण नकळत त्याच्याकडे बोट दाखवतो. काय चुकलं त्याचं, असा प्रश्न ती संज्ञाच विचारायला लावते.

भरताचा करुण रस हा प्रश्न विचारत नाही. करुणाचा स्थायीभाव शोक, आणि तो ज्या कारणांनी उत्पन्न होतो त्यांत शाप, प्रिय माणसाचा वियोग आणि मृत्यू यांच्या बरोबरीने विभवनाश, म्हणजे होतं नव्हतं ते जाणं, हे कारण सांगितलं आहे. तिथे नायकाची चूक असावीच लागत नाही. घर धुऊन निघालं, एवढं पुरेसं असतं. माझं म्हणणं असं की वर्गात ‘शोकांतिका’ ही संज्ञा शिकवताना ‘करुण’ शेजारी ठेवावा आणि विदर्भातली एक कादंबरी दोन्हींच्या उजेडात वाचावी. त्यासाठी उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) हाताशी आहे. तिच्यातली कौतिक नवऱ्याच्या नाकर्तेपणाशी, दारिद्र्याशी आणि आजाराशी झगडत राहते. तिचा प्रमाद शोधायला बसलं तर हाती काही लागत नाही. ती कष्टाळू आहे, शहाणी आहे, मुलाने शिकावं म्हणून जिवाचं रान करते. तरी घर हातातून सुटत जातं. इथे संघर्ष या संज्ञेचाही अर्थ रुंदावतो. खलनायक नसतानाही संघर्ष असू शकतो, हे विद्यार्थ्याला ‘धग’मधून जितकं चटकन कळेल, तितकं व्याख्येतून कळणार नाही.

याउलट काही संज्ञा नुसत्या दुहेरी अर्थाने छळतात. रूपक हा अलंकार आहे, आणि संस्कृत परंपरेत नाट्यप्रकारांनाही रूपक म्हणतात. ‘दशरूपक’ हा ग्रंथ दहा अलंकारांबद्दल नाही. रूपककथा ही आणखी तिसरी. कादंबरी हे तर बाणभट्टाच्या एका संस्कृत कथेचं नाव. १८५७ मध्ये बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’पासून मराठीत जो प्रकार रुजला, त्याला आपण ते नाव देऊन टाकलं. प्रतिमा आणि प्रतीक यांचीही कायम सरमिसळ होते. साधी खूण अशी: कवितेत पऱ्हाटीची फुटलेली बोंडं डोळ्यांसमोर उभी राहिली, तर ती प्रतिमा. तीच बोंडं वारंवार येऊन घराच्या आशेच्या जागी उभी राहू लागली, तर प्रतीक.

दृष्टान्त या शब्दाची मात्र मी तक्रार करणार नाही, कारण त्याच्या मागे विदर्भाचा फार मोठा ठेवा आहे. अलंकार म्हणून विद्यार्थी तो शिकतात, पण तेराव्या शतकात केसोबासांनी चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त ‘दृष्टान्तपाठा’त संकलित केले. प्रत्येकाची घडी तीन पदरी आहे: आधी सूत्र, मग दृष्टान्त म्हणजे छोटी गोष्ट, मग दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीतून निघणारा अर्थ. आंधळे आणि हत्ती ही आज बालवाडीतही ऐकवली जाणारी गोष्ट तिथे आहे. आशय, कथा आणि अर्थनिर्णय यांना वेगवेगळी नावं देणारी ही मराठीतली सर्वांत जुनी मांडणी म्हणायला हरकत नाही. म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ही त्याच काळातलं. ज्यांनी प्रसंग डोळ्यांनी पाहिले त्यांच्याकडे जाऊन त्यांनी एकेक आठवण मिळवली. यवतमाळला लागूनच असलेल्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे या साहित्याचं माहेरघर, आणि आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. बारावीच्या मुलांना बोधकथेची व्याख्या देण्यापेक्षा एक दृष्टान्त तिन्ही पदरांसह वाचून दाखवला, तर एका तासात विषय, आशय आणि तात्पर्य यांतला फरक सुटा होतो.

निवेदक आणि दृष्टिकोन या संज्ञा पाठ्यपुस्तकांत ओझरत्या येतात, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या त्याच. पांढरकवडा आणि राळेगाव परिसरात २०१६ ते २०१८ या काळात झालेले तेरा मृत्यू एका वाघिणीच्या नावे मांडले गेले. वनखात्याच्या कागदांत ती टी-१ होती, शहरांतल्या वन्यजीवप्रेमींसाठी अवनी. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालून मारण्यात आलं. मागे दोन बछडे होते. नावातच दृष्टिकोन कसा असतो बघा. घटना एक, पण वेचणीला जायला घाबरणाऱ्या बाईने सांगितलेली गोष्ट वेगळी, जंगलात रात्री काढणाऱ्या वनरक्षकाची वेगळी, मुंबईत मेणबत्ती घेऊन उभ्या राहिलेल्या तरुणीची वेगळी. तिघांपैकी कोणी खोटं बोलत नाही. प्रथमपुरुषी निवेदन, तृतीयपुरुषी निवेदन, सर्वज्ञ निवेदक हे सगळं या एका घटनेवर मुलांकडून लिहून घेता येतं. बछड्यांच्या तोंडून लिहा म्हटलं, की मानवीकरणापर्यंतही जाता येतं.

निवेदकाची परंपरा तर याच रानात आहे. गोंड समाजातले परधान हे पिढीजात कथागायक. किंगरी वाजवत ते गोंडांच्या कुळांच्या आणि देवांच्या कथा सांगतात. कोणाची कथा, कोणापुढे, कोणी सांगायची, हे तिथे परंपरेने ठरलेलं असतं. ‘निवेदक म्हणजे लेखक नव्हे’ हे वाक्य वर्गात कितीही वेळा सांगितलं तरी मुलं दोघांना एकच समजतात. परधानाकडे पाहिलं की ते लगेच कळतं. कथा त्याने रचलेली नाही, त्याच्या आयुष्यातलीही नाही, तरी तिचा आवाज त्याचा आहे.

पात्र निवेदक होतं तेव्हा काय घडतं, हे यवतमाळने जानेवारी २०१९ मध्ये पाहिलं. ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, अध्यक्ष अरुणा ढेरे. लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि मोठा वाद झाला. शेवटी उद्घाटन केलं ते जिल्ह्यातल्याच एका स्त्रीने, जिच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. आधीचं यवतमाळचं संमेलन १९७३ चं, ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखालचं. मधल्या काळात शेतकऱ्याची विधवा कथा-कवितांत कितीतरी वेळा पात्र म्हणून आली. व्यासपीठावरून ती स्वतः ‘मी’ म्हणाली, तेव्हा तिच्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं बरंच काही अपुरं वाटू लागलं. एकाच बाजूने दिसणारं सपाट पात्र आणि अनेक पैलूंचं गोल पात्र हा फॉर्स्टरचाच भेद. त्याचं याहून जिवंत उदाहरण मला सुचत नाही.

वातावरणनिर्मितीबद्दल फार सांगायला नको. जागलीला गेलेल्या मुलाला अंधार, मचाण, रानडुकरांची चाहूल आणि विझत आलेली शेकोटी यांच्यातून भीती कशी तयार होते हे चांगलं ठाऊक असतं. त्याने निबंधात ‘निसर्गरम्य वातावरण होते’ असं लिहिलं, तर ते गाईडमधून आलं आहे हे ओळखावं.

संवाद आणि भाषाशैली यांच्याकडे मात्र लक्ष द्यायला हवं. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ हे शब्द उत्तरपत्रिकेत चुकीचे ठरतात आणि ‘धग’मध्ये तेच कौतिकच्या तोंडी शोभतात. हा भेद मुलांना समजावून सांगितला पाहिजे, नाहीतर आपली बोली फक्त विनोदासाठी असते असा त्यांचा समज होतो. यवतमाळचे शंकर बडे यांनी वऱ्हाडीत कविता लिहिल्या आणि ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा एकपात्री प्रयोग गावोगाव केला. त्यांच्या श्रोत्यांना हसू आणि हुंदका एकाच बोलीत मिळत असे. त्याही पलीकडे कोलामांचे पोड आणि बंजाऱ्यांचे तांडे आहेत. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, बंजारा बोली राजस्थानीच्या नात्यातली. पोडावरून आलेल्या मुलासाठी मराठी हीच शिकायची भाषा असते, आणि तिच्यात पुन्हा ‘नियताप्ती’सारखा संस्कृत शब्द. त्याच्यावर दुहेरी ओझं पडतं. त्याने आजीची गोष्ट आधी कोलामीत सांगावी, तिच्यातलं ‘म्हणून’ कुठे येतं ते दाखवावं, आणि त्यानंतरच फळ्यावर ‘कथानक’ हा शब्द लिहावा. यात वेळ जातो हे खरं, पण पुढच्या सगळ्या संज्ञा मग झपाट्याने येतात.

राहिले अलंकार. त्यांच्यासाठी इथल्या शाळेला तयार मुहूर्त आहे. जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडतात आणि दोनेक महिन्यांत श्रावणी अमावास्येला पोळा येतो. तोरणाखाली बैल उभे राहतात आणि झडत्या सुरू होतात. एक जण झडती म्हणतो, बाकीचे ललकारी देतात. तिच्यात यमक तर असतंच. बैलाच्या कौतुकात अतिशयोक्ती, सावकारावर आणि सरकारवर उपरोध, कापसाच्या भावावर वक्रोक्ती. स्तुतीच्या मिषाने निंदा म्हणजे व्याजस्तुती, हेही त्या गर्दीत न चुकता ऐकू येतं, आणि झडती रंगली की अख्खं गाव दाद देतं. दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा, लाकडी बैलांचा तान्हा पोळा. त्याच्या नंतर शाळा भरेल त्या दिवशी अलंकारांचा धडा घ्यावा, ऐकलेल्या झडत्या मुलांकडून फळ्यावर लिहून घ्याव्यात, आणि प्रत्येकीपुढे अलंकाराचं नाव त्यांनीच लिहावं.